विंचवाचे आठ पाय

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र आले, तेव्हा मला प्रथम आठवली ती प्रयोगशाळेच्या कपाटातील फॉर्मॅलीनची बाटली आणि तिच्या तळाशी शेपटी वळवून पडलेला तांबडा विंचू. १९८८-८९ साली मी नववीत होतो. त्या वर्षी त्या विंचवाभोवती आमचे विज्ञान, मराठी आणि चित्रकला हे तिन्ही विषय एकत्र आले.

महाड तालुक्यातील आम्हा वाडीवरच्या मुलांना विंचू नवा नव्हता. जांभ्या दगडाचे गडगे, पेंढ्याच्या उडव्या, पडवीतील सरपण ही सगळी त्याचीच घरे. माझा धाकटा चुलतभाऊ मी सहावीत असताना विंचू चावून गेला. संध्याकाळी चावला, रात्रभर विंचू उतरवणाऱ्यापुढे बसवून ठेवला आणि उजाडताना डोली उचलली, तोवर त्याला धाप लागली होती. याच तालुक्यात, त्याआधी काही वर्षे, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करीत होते. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी साठते. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी त्या वाहिन्या सैल करते, हे त्यांनी पुढे दाखवून दिले आणि रुग्ण वाचू लागले. उपाय तालुक्यात होता, तरी वाडीवर माणसे दगावत होती. हे अंतर कसे तोडायचे, हाच आमच्या शिक्षकांपुढचा प्रश्न होता.

सुरुवात मात्र मराठीच्या तासाला झाली. बाई संत एकनाथांचे विंचवाचे भारूड शिकवीत होत्या. तो विंचू कामक्रोधाचा, हे आम्हाला समजले. पण तो चावल्यावर अंगाला घाम येतो, प्राण व्याकूळ होतो, असे नाथांनी म्हटले आहे, तिथे बाई थांबल्या आणि त्यांनी शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या सरांना बोलावून आणले. सरांनी फळ्यावर लिहिले: भरपूर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. ही लक्षणे दिसली की विष अंगात भिनले आहे असे समजायचे आणि क्षणभरही थांबायचे नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या रूपकात घाम आहे आणि आजच्या वैद्यकातही पहिली खूण घामाचीच आहे, याचे आम्हाला जे नवल वाटले, ते आजही ओसरलेले नाही.

चित्रकलेच्या सरांनी बाटली वर्गात आणली ती त्यानंतर. आधी त्यांनी आम्हाला न पाहता विंचू काढायला सांगितला. वर्गातील बहुतेकांनी सहा पाय काढले आणि शेपटी दोरीसारखी सपाट ओढली. मग बाटली बाकाबाकावरून फिरली. पाय आठ निघाले, पुढच्या चिमट्यासारख्या नांग्या वेगळ्या. शेपटीला पाच पेरी, आणि त्यांच्या टोकाला विषारी काट्याचा फुगीर गड्डू. घरोघरी दिसणाऱ्या मोठ्या काळ्या विंचवाच्या पुढच्या नांग्या जाड, तर जास्त विषारी तांबड्याच्या बारीक, हा फरक मला पेन्सिलीने कळला; पुस्तकात तो वाचला असता तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन वाड्यांवर घरोघर फिरून विचारपूस केली: कोणाला, कधी, कुठे, काय करताना चावला. उत्तरे वहीत मांडल्यावर दिसले की बहुतेक दंश अंधार पडल्यावर आणि हातापायाच्या बोटांना झालेले होते. पेंढ्याचा भारा उचलताना, सरपण ओढताना किंवा चपलेत पाय सारताना. हे वाड्यांवर नाचगाण्यातून सांगायचे ठरले आणि या नोंदींवरूनच आमच्या जाखडीचे कडवे ठरले. गणपतीत घरोघर नाचली जाणारी जाखडीच आम्ही निवडली, कारण पथनाट्य आमच्या आजीने थांबून पाहिले नसते. मृदंग आणि चाळ वाजले की ती आपण होऊन ओटीवर येऊन बसत असे.

पहिल्या मसुद्यात आम्ही विंचू उतरवणाऱ्याची यथेच्छ निंदा केली होती. माझा राग त्यात होता, हे मी मान्य करतो. तालमीला एका वाडीवरचे म्हातारे उतरवणारे स्वतः येऊन बसले. शेवटी ते शांतपणे म्हणाले, “पोरांनो, आमी काय लोकांचा वायट चिंततो काय? रात्री दुसरा कोण दार उघडतो?” बाईंनी त्या रात्री कडवे बदलून घेतले. उतरवणाऱ्याला शत्रू ठरवले तर लोक त्याचीच बाजू घेतील, त्याला वाटाड्या करा, असे त्यांचे म्हणणे होते. नवे कडवे असे झाले:

घाम फुटला, उलटी झाली, हातपाय पडले गार,
मंत्र म्हणा हो वाटेवरती, उशीर नका करू फार!

‘वाटेवरती’ या शब्दासाठी आमची दोन दिवस चर्चा चालली होती. मंत्राला हरकत नाही, पण तो डोलीबरोबर चालता चालता म्हणावा, एवढेच आमचे मागणे होते. पुढच्या गणपतीत, दहावीत असताना, आम्ही एका पायात चाळ बांधून तिन्ही वाड्यांवर नाचलो. फेर धरताना मधे मीच काढलेला विंचवाचा मोठा तक्ता उभा असे. आमच्या नाचाने किती जीव वाचले, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत एका मुलाला चावल्यावर ते म्हातारे आजोबा स्वतः कंदील घेऊन डोलीच्या पुढे चालले होते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा माझी ती जुनी चित्रवही मी पुन्हा काढली. त्याच वर्षी गणपतीला गावी गेलो असता आमच्या वाडीची मुले ते कडवे म्हणत होती. ते कोणी रचले, हे त्यांना ठाऊक नव्हते. कंदिलाच्या जागी मोबाइलचा उजेड आला होता, आणि आमच्या वेळी नसलेली एक ओळ शेवटी जोडलेली होती. तिच्यात गोळीच्या जोडीला विंचवावरच्या लसीचे नाव होते.