पावतीवरचे नऊ आणि पाण्यातले साडेबारा

मालवणच्या स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पालथं तरंगत पाण्याखालचं बघण्याच्या, पावतीवर ‘वेळ : सकाळी ९’ असं ठळक लिहिलेलं होतं. कुणालाही वाटेल की नऊला पाण्यात उतरायचं. प्रत्यक्षात नऊ ही काउंटरवर तोंड दाखवायची वेळ. पुढे नोंद, फॉर्म, टोकन आणि मग बोट भरेपर्यंत बाकावर बसणं. ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग करताना एजंटाने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. डॉल्फिन, किल्ला, त्सुनामी आयलंड, स्नॉर्कलिंग अशी पॅकेजची यादी मात्र फोटोंसकट परत परत पाठवली होती.

ठाण्याहून मालवणला पोचणं सोपं आहे. कोकणकन्या रात्री ठाण्याला मिळते, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पण रात्रीच्या गाडीने येऊन त्याच दिवशी समुद्रात उतरायचा बेत करू नका. गाडीला उशीर झाला की पहिली बोट हुकते आणि या सगळ्या खटाटोपात पहिली बोटच महत्त्वाची.

आता ती वाट बघणं. काउंटरवरचा मुलगा दर वेळी हसून सांगतो, ‘‘बोट येता हा, वायच बसा.’’ बोट समोरच बांधलेली असते. ती सुटत नाही, कारण माणसं भरलेली नसतात. उरलेल्या जागा दुसऱ्या एजंटांच्या माणसांसाठी राखलेल्या असतात आणि ती माणसं अजून रिसॉर्टवर नाश्ता करत असतात. बोट सुटली तरी आधी डॉल्फिन, मग किल्ल्याला फेरी आणि स्नॉर्कलिंग सगळ्यात शेवटी. पाण्यात उतरेपर्यंत साडेबारा.

तासन्‌तास बसल्याचा राग एकवेळ गिळता येतो. तेवढ्या वेळात पाणी बिघडतं, ते जास्त लागतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या खडकांपाशी भरतीचं बाहेरून आलेलं पाणी स्वच्छ असतं. ओहोटी लागली की कोळंबच्या आणि कर्लीच्या खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि तळातला गाळही हलतो. शिवाय दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, लाटा उठतात, नळीत पाणी शिरायला लागतं. सकाळी ज्या खडकावर पट्ट्यापट्ट्यांचे मासे स्पष्ट दिसतात, तिथेच दुपारी हिरवट धुकं दिसतं. पैसे दोन्ही वेळी सारखेच.

म्हणून तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. मालवणला मुंबईपेक्षा भरती थोडी आधीच येते. दशमी-एकादशीला भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची ओढ कमी आणि गाळ कमी हलतो. त्या दिवशी आठच्या आसपास पाण्यात असलं पाहिजे. पौर्णिमा-अमावस्येला वेळ सोयीची, पण उधाणामुळे ओढ जोरात. षष्ठी ते अष्टमी मात्र टाळाच. त्या दिवसांत सकाळी ओहोटी आणि भरती संध्याकाळी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित लागू.

एजंटाला ‘किती वाजता यायचं’ असं विचारलंत तर तो नऊच सांगणार. ‘पाण्यात किती वाजता उतरवणार’ असं विचारा, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि स्नॉर्कलिंग आधी, डॉल्फिन नंतर असा क्रम कबूल करून घ्या. बोट भरली नाही तर काय करणार, हेही तिथेच. समुद्र खवळला म्हणून फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळते की ‘पुढच्या वेळी वापरा’ असं सांगतात, तेही. माझा रोख भाड्याच्या घासाघिशीपेक्षा या प्रश्नांवर आहे. दोनशे रुपये कमी करून घेण्यात आपल्याकडे उगाच फार जोर लावतात.

फॉर्मवर दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाचा त्रास, गरोदरपण असं विचारतात. खरं लिहा. बोट लागण्याचा त्रास असेल तर अवोमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर तरी आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर उपयोग नाही. आणि ती गोळी झोप आणते. नाश्त्याला दोन घावणे पुरे, माशांचं ताट परतल्यावर.

मास्क जेटीवरच तपासा, बोटीत नव्हे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा, पडला तर दुसरा मागा. कपाळावरचा एक केस जरी सिलिकॉनच्या कडेखाली अडकला तरी तिथून पाणी झिरपतं. मिशीवाल्यांचं हेच दुखणं, त्यांनी कडेखाली येणाऱ्या भागाला व्हॅसलीन लावावं. गळायला लागला की लोक पट्टा आवळतात, त्याने कड दुमडते आणि आणखी गळतं. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, सैलसरच हवा. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदाच पाणी फिरवायचं. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा थेंब.

मास्कमध्ये पाणी शिरलंच तर वरची कड दाबून धरा, मान वर करा, नाकाने जोरात फुंका. नळीत शिरलं तर तोंडाने एक जोरदार फुंकर. हे दोन्ही घरी बादलीत तोंड घालून जमवून जा. पोहणं येणाऱ्यालाही नाक बंद, श्वास तोंडाने, हे पहिल्यांदा अंगवळणी पडत नाही.

लाइफ जॅकेटची बक्कल लावल्यावर खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. सुती टी-शर्ट भिजून जड होतो, लांब बाह्यांचा नायलॉनचा बरा. उन्हाने पाठ नाही, गुडघ्यामागचा भाग जास्त भाजतो, कारण पालथं तरंगताना तो वर असतो. प्रवाळावर पाय ठेवू नका. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो, शिवाय खडकावर काटेरी समुद्री साळू असतात. गाइड फोटोसाठी बिस्किटं टाकायला लागला तर नको म्हणा.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत हे सगळं बंद असतं. सप्टेंबरात बोटी सुटतात, पण पाणी निवळलेलं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. एजंट सप्टेंबरात घसघशीत सवलत देतो ती का, हे आता सांगायला नको.