बुटाची नाडी

रात्रीचे साडेदहा. दोघंही झोपली. ओटा आवरलाय, उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवलेत. आत्ता कुठे जरा टेकले.

आज धाकट्यानं बुटाची नाडी स्वतः बांधली. वीस मिनिटं लागली. दारात फतकल मारून बसला होता. एक फास चिमटीत धरायचा, दुसरं टोक त्याच्याभोवती फिरवायचं आणि नेमकं ओढताना पहिला फास निसटायचा. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण ते मांडीखाली घेऊन बसून राहिले. सात-आठ वेळा फसल्यावर गाठ बसली. तो हसलासुद्धा नाही, एकटक गाठीकडे बघत राहिला.

नोकरी सोडली तेव्हा कशासाठी सोडतेय ते मला कुणाला नीट सांगता यायचं नाही. अशा वीस मिनिटांसाठी. बाहेर काम करून ती काढणाऱ्या आया आहेत, मला ते जमत नव्हतं. थोरलीच्या वेळी सकाळच्या घाईत बूट मीच चढवायचे. तिला नाडी कुणी शिकवली, तेच मला आठवेना. झोपताना विचारलं, तर म्हणाली, "पाळणाघरातल्या मावशींनी, आई."

दुपारी एका फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे काही करत नाही ना?" आवाजात कुजकेपणा अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं.

देशाचं उत्पन्न मोजतानाही हेच होतं. मावशींचा पगार त्यात धरतात, आणि धरायलाच हवा. थोरलीची गाठ अजून पक्की बसते. पण तेच काम आईनं घरी केलं की हिशेबात शून्य. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांच्या पाहण्यांवरून काढलेला अंदाज आहे: असं बिनपगारी काम रोज १६.४ अब्ज तास, म्हणजे दोन अब्ज माणसांनी दिवसाचे आठ तास राबण्याइतकं. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायकांच्या वाट्याचं. आणि डोक्यात सतत चालू असलेली यादी, लस कधीची, कुणाचे बूट आखूड झाले, ती तर कुठल्याच तासात बसत नाही.

पैशांचं मनात येतंच. बचतीतला निम्मा भाग माझ्या नावावर, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं. तरी स्वतःसाठी काही घेताना हात आखडतो. ते अजून सुटलेलं नाही.

उशीर होत होता, म्हणून डाव्या बुटाची नाडी मीच बांधली. उद्या त्याला पंधरा मिनिटं आधी उठवते.