मे महिन्यात तगणारी झाडं : आमच्या नर्सरीची वाटचाल

पारोळ्याहून अमळनेरकडे जाताना रस्त्यालगत आमची नर्सरी आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ती नव्वदच्या दशकात सुरू केली. तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. लिंबू, सीताफळ, आवळा, बांधावरचा शेवगा एवढाच माल असायचा. तापीपलीकडचे चोपड्याचे केळीवाले बागेभोवती वारा अडवायला शेवरीचं बी घेऊन जायचे. पुढे गावोगावी प्लॉट पडले, बंगले उठले. शाळा, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप अशी मागणी वाढली. मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली, म्हणून लग्नानंतर झाडांची निवड आणि रोपं तयार करणं माझ्याकडे आलं. हिशेब आणि गाड्या यांचं काम हे बघतात. आज आमची निम्म्याहून जास्त विक्री सावलीच्या आणि शोभेच्या झाडांची आहे.

या धंद्यात एक गोष्ट मी रोज नव्याने सांगते. खान्देशात झाड निवडायचं ते मे महिना डोळ्यांसमोर ठेवून.

हल्ली लोक मोबाईलवर झाडाचा फोटो दाखवतात. "वहिनी, हे झोन नऊ ते अकरामध्ये येतं म्हणे. आपल्याकडे चालेल ना?" प्रश्न चांगला असतो, म्हणून मी वेळ काढून समजावते. ही झोनची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्याची. पहिला नकाशा १९६० चा, अलीकडची सुधारणा २०२३ ची. एकूण १३ झोन आहेत आणि ते एकाच मापावर ठरतात : हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड रात्री सरासरी पारा किती उतरतो. अकराव्या झोनमध्ये तो ४.४ ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. आपलं तापीचं खोरं साधारण तिथेच बसतं. पण अमेरिकेतल्या मायामीचा क्रमांकही जवळपास हाच. तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, हवा दमट असते आणि पारा चाळिशीला शिवत नाही. आमच्या तालुक्यात सहाशेच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. म्हणजे झोन जुळला तरी झाड जुळेलच असं नाही. लोकांना बंगल्यासमोर दोन बाजूंना हवा असतो तो रॉयल पाम फ्लोरिडा-क्युबाकडचाच. आपल्याकडे तो जगतो, पण भरपूर पाणी पिऊन. ज्या घरची विहीर आटत नाही त्या घरीच तो शोभतो, असं मी स्पष्ट सांगते.

थंडीच्या देशात रोपाचा जीव घेते ती जानेवारीची रात्र, म्हणून त्यांनी थंडी मोजली. त्याच देशातल्या उद्यान संस्थेने १९९७ साली उष्णतेचा नकाशाही काढला. वर्षात ३० अंशांच्या वर किती दिवस जातात, यावर त्याचे १२ पट्टे आहेत आणि शेवटच्या पट्ट्यात २१० पेक्षा जास्त दिवस. आपल्याकडे फेब्रुवारी अखेरपासून जूनपर्यंत रोजच तीसच्या वर, ऑक्टोबरात पुन्हा तेच, आणि उघडीप पडली तर श्रावणातही. आपण शेवटच्या पट्ट्यातले. गिऱ्हाईकाने मोबाईलवर बघायचंच असेल तर हाही आकडा बघावा.

थंडी अगदीच विसरून चालत नाही. काही हिवाळ्यांत धुळ्याकडे पारा पाचच्याही खाली जातो. कोवळी आंब्याची कलमं, पपई, शेवगा यांना चटका बसतो. सातपुड्यात डाब, तोरणमाळ या भागात तर दव गोठतं. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे, तिथल्या गिऱ्हाइकाची यादी मी वेगळीच करते.

बाकी सगळ्यांना मी आधी विचारते, सावली कधी हवी? गुलमोहर आणि बहावा दोन्ही सुंदर. बहाव्याचे पिवळे घोस बघायला माणसं गाडी थांबवतात. पण फुलं येतात तेव्हा फांद्यांवर पान नसतं किंवा नावापुरतं असतं. ऐन उन्हात ओटा तापलेलाच राहतो. गुलमोहर तर मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मृगाआधीच्या वादळात फांदी कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून मी तो घराच्या भिंतीपासून आणि तारांपासून लांब लावायला सांगते. कडुनिंब आणि करंज मात्र चैत्रातच नवी पानं घेतात आणि वैशाखात गच्च हिरवे होतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे झोके निंबाला बांधतात ते उगाच का? त्या दिवसांत माहेरवाशिणीच्या डोक्यावर सावली धरणारं झाड तेच. चिंचही तशीच, फक्त वाढायला वेळ घेते. नातवासाठी लावायची असेल तर चिंच लावा, असं नाना म्हणतात आणि लोक खरंच घेतात.

दुसरा प्रश्न जमिनीचा. तापी-बोरीकाठची खोल काळी माती आणि तिथून थोड्याच अंतरावरचा मुरूम, यांना एकच झाड देता येत नाही. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. अशा जागी लोक मोठा खड्डा खणून त्यात वाळू आणि शेणखत भरतात. सभोवतालची काळी माती पाणी झिरपू देत नाही, खड्ड्यात ते साचतं आणि रोप पावसाळ्यातच कुजतं. आम्ही काळीत उंचवटा करून लावायला सांगतो, खड्ड्यात निघालेलीच माती शेणखत मिसळून भरायला सांगतो. झाडं द्यायची तर करंज, अर्जुन, बाभूळ. निंबही येतो, पण पाणी साचलेलं त्याला खपत नाही. मुरमाड माळावर निंब, खैर, सीताफळ, बहावा, आणि माझं सगळ्यात लाडकं झाड, अंजन.

अंजनाबद्दल जरा जास्त बोलते. सातपुड्याच्या उतारांवर आणि धुळ्याकडच्या कोरड्या डोंगरांवर ते आपलं आपण उभं असतं, जिथे खडकावर वीतभर माती असते. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. जोडीजोडीची छोटी पानं, कोवळी असताना लालसर. पाला गुरं आवडीने खातात. अशा झाडाला शहरात कुणी विचारत नव्हतं, कारण नर्सरीत ते दिसायला किरकोळ असतं. रोप सगळी ताकद आधी सोटमुळात घालतं. जमिनीवर हातभर काडी आणि खाली त्याहून लांब मूळ. नेहमीच्या पिशवीत ते मूळ तळाला गुंडाळलं जातं आणि पुढे झाड कधीच जोमाने वाढत नाही. म्हणून आम्ही उंच पिशव्या मागवायला सुरुवात केली. खर्च वाढला, गाडीत जागा जास्त लागली. बी उन्हाळ्यात धरतं, पण दरवर्षी भरपूर नाही. चांगल्या वर्षी सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं आम्हाला बी गोळा करून देतात, त्याचे पैसे आम्ही हातोहात देतो. आता शाळा आणि टेकडीवर लागवड करणारी मंडळं अंजन नाव घेऊन मागतात. धंद्यातला मला सर्वांत मोठा आनंद याचा आहे.

बियांचं वेळापत्रकच आमचं वर्षाचं पंचांग झालं आहे. निंबोळी पडली की दोन-तीन आठवड्यांत पेरावी लागते, पुढे ती उगवत नाही. बहाव्याचं बी उलट, दगडासारखं कठीण. कवच घासून गरम पाण्यात भिजवल्याशिवाय फुटत नाही. ही कामं नर्सरीतल्या बायका माझ्यापेक्षा सफाईने करतात.

सगळंच आम्ही इथे तयार करत नाही. शोभेची काही रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, देशभरातल्या नर्सऱ्यांना तिथून माल जातो. ते गोदावरीचं दमट खोरं. तिथे वाढलेलं रोप थेट आपल्या उन्हात ठेवलं तर कडेने करपतं. आधी शेडनेट, मग अर्धी सावली, मग उघडं आभाळ, असं हळूहळू सवय लावूनच आम्ही ते विकतो. कोनोकार्पस मात्र ठेवतच नाही. कंपाउंडला लवकर हिरवी भिंत होते म्हणून मागणी खूप आहे. पण शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आणि त्याआधीपासून आम्ही ते नाकारत आलो आहोत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आडोसा हवा असेल तर आम्ही मेंदी किंवा करवंद देतो.

पहिल्या उन्हाळ्यात झाड मेलं तर आम्ही बदलून देतो, अटी दोन आहेत. लागवड पावसाळा सुरू झाल्यावर, श्रावण संपायच्या आत झालेली असावी. आणि पाणी आमच्या सांगण्याप्रमाणे दिलेलं असावं : रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून, संध्याकाळी, खोल मुरेल असं. आळ्यावर वाळलेली केळीची पानं किंवा गव्हाचं काड अंथरावं. खोडाच्या पश्चिम बाजूला चुना लावावा, तीनच्या उन्हाने साल फाटत नाही. मार्चमध्ये उद्घाटनासाठी घाईने झाडं हवी असतील तर आम्ही ऑर्डर घेत नाही. कुंड्या भाड्याने देतो, झाडं जूनमध्ये.

नर्सरीत याल तेव्हा दोन फूट खोलीवरची मूठभर माती पिशवीत घेऊन या आणि जागेचा दुपारी तीनचा फोटो काढून आणा. भिंत, विजेच्या तारा, नळाची लाइन त्यात दिसली पाहिजे. तेवढ्यावर आम्ही यादी करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.