फुकट्यांचं काय करायचं?

मधल्या कोणालाही न विचारता एका संगणकाने दुसऱ्याला फाइल द्यायची, एवढीशी गोष्ट. पण २००० नंतरची पाच-सहा वर्षं भलीभली डोकी यावरून हमरीतुमरीवर आली होती. ग्नुटेलावाले, ईडाँकीवाले, टोरंटवाले; फाइली वाटायच्या प्रत्येक तऱ्हेचा एकेक गट. आणि आपण सोडून बाकी सगळे भंपक, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. ती जुनी भांडणं मी आजही चवीने वाचतो. वरवर ती वेगाबद्दल असतात. जरा खरवडलं की आतून एकच प्रश्न निघतो: घेणारे पैशाला पासरी मिळतात, देणारे कुठून आणायचे?

गाणी वाटून घ्यायच्या १९९९च्या नॅपस्टरला हा प्रश्न पडायला सवडच मिळाली नाही. कोणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती, त्यामुळे कॉपीराइटच्या खटल्यात टाळं कुठे ठोकायचं ते कोर्टाला शोधावं लागलं नाही. २००१च्या जुलैत दुकान बंद. त्याआधीच, मार्च २०००मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी ग्नुटेला सोडलं होतं. त्यांची कंपनी एओएल या बड्या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या मालकीची. मालकाने दुसऱ्याच दिवशी ते काढून टाकायला लावलं, पण तोवर ते पसरलेलं होतं. यात यादी नाही, सर्व्हर नाही. तुम्ही शेजाऱ्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असं साधारण सात पायऱ्यांपर्यंत.

हे चालणार नाही, लोक वाढले की नुसत्या विचारणांनीच तारा तुंबतील, असं जॉर्डन रिटर याने आकडेमोड करून मांडलं. रिटर स्वतः नॅपस्टरच्या घडणीतला, म्हणून ग्नुटेलावाल्यांना त्यात पोटदुखी दिसली. पोटदुखी असेलही; पण गणित चुकलं नव्हतं. पुढे ग्नुटेलालाही काही दणकट संगणकांना मुकादम नेमून बाकीच्यांना त्यांच्या हाताखाली द्यावं लागलं.

त्याहून जिव्हारी लागणारा घाव झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून आला. एयटन अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २०००मध्ये ग्नुटेलावर नजर ठेवून मोजलं: जवळजवळ ७० टक्के लोक काहीच देत नाहीत, आणि निम्मी उत्तरं वरच्या एक टक्का संगणकांकडून येतात. ज्याला सगळे समतेचं राज्य म्हणत होते, तिथे मूठभर दाते आणि बाकी जेवून हात पुसणारे निघाले.

मग उपाय सुरू झाले, आणि उपायागणिक माणसाबद्दलचं मत दिसू लागलं. मोजो नेशन नावाच्या प्रोग्रॅमने चलनच काढलं: द्याल तर मोजो मिळेल, घ्याल तर खर्चा. हिशेब चोख, पण फाइल घ्यायला आलेल्या माणसाला बाजारभाव कोण शिकवणार? ईडाँकीच्याच जाळ्यावर चालणाऱ्या ईम्यूलने रांग लावली. तुम्ही ज्याला दिलंत त्याच्या दारात तुमचा नंबर पुढे सरके, इतर दारांत नाही. या रांगेत लोक दिवसेंदिवस उभे असत, आणि वर त्या रांगेचा अभिमानही बाळगत.

डीसी++चा खाक्या वेगळा. हबवर, म्हणजे सगळे जिथे जोडले जातात त्या अड्ड्यावर, यायचं तर अमुक इतके जीबी शेअर हवेतच. आमच्या हॉस्टेलमधल्या संगणकांच्या जाळ्यावर हाच कायदा होता. कायदा आला तसा आठवड्याभरात मार्ग निघाला: विंडोजचं अख्खं फोल्डर शेअरला लावायचं, नाहीतर एकाच सिनेमाच्या चार नावांनी चार प्रती. हबचा ॲडमिन रात्री गस्त घालून अशांना हाकलायचा, आणि ते नवं नाव घेऊन परत यायचे. ॲडमिनकडे स्वतःचं काय होतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मोजो नेशनमध्ये काम केलेल्या ब्रॅम कोहेनने २००१मध्ये बिटटोरंट आणलं, त्यात ना चलन ना पुण्याईचा साठा. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, एवढाच आपल्या घरांतला नियम त्याने संगणकाला शिकवला. फाइलचे तुकडे करायचे, आणि जो आत्ता देतोय त्याला आत्ता द्यायचं. दर दहा सेकंदांनी हिशेब. शिवाय दर तीस सेकंदांनी कोणातरी एकाला, परतफेड न बघता, देऊन पाहायचं. नाहीतर ज्याच्याकडे पहिला तुकडाच नाही, त्याने सुरुवात कुठून करावी? ही शेवटची सोय मला सगळ्यात आवडते. कंजूष हिशेबात मुद्दाम ठेवलेली फट.

जिंकलेल्याची पुढची पायरी म्हणजे इतरांना हसणं. २००५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ॲव्हेलाँच मांडलं. त्यात तुकडे जसेच्या तसे न पाठवता एकमेकांत कालवून पाठवायचे, म्हणजे अमुकच तुकडा हवा म्हणून कोणी अडत नाही. कल्पना खरोखर देखणी. कोहेनने ती हवेतली बात म्हणून उडवून लावली: प्रत्यक्षात चाललेली नाही, आणि तुलनेला घेतलेलं बिटटोरंट खऱ्यासारखं नाही. त्याच्या बोलण्यात माज होता, पण कागदावरच्या नेटवर्कमध्ये कोणी मध्येच लॅपटॉप मिटून झोपायला जात नाही, हेही खरंच. त्याआधी २००२मध्ये शारेझा हा फाइल वाटायचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मायकल स्टोक्सने आपल्या नव्या प्रोटोकॉलला, म्हणजे संगणकांनी आपसांत बोलायच्या नियमांना, ग्नुटेला-२ म्हटलं, तेव्हा जुने ग्नुटेलावाले भडकले. त्यातला शोध कसा चालतो यापेक्षा 'दोन' म्हणायचा हक्क याला कोणी दिला, यावरच जास्त शाई सांडली.

कोहेनच्या वाटीलाही शेवटी तडा दाखवणारे भेटलेच. २००३च्या त्याच्या निबंधाचं शीर्षक साधारण असं होतं: मोबदल्यामुळे बिटटोरंट मजबूत होतं. २००७मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी त्याच शीर्षकाचा प्रश्न केला: होतं का? त्यांनी मुद्दाम स्वार्थी बनवलेलं बिटटायरंट कमी देऊन लवकर मिळवत होतं. वेगवान कनेक्शनवाले घेतात त्याहून पुष्कळ जास्त देतात, आणि गाडा बराचसा त्या औदार्यावर चालतो, असं त्यातून निघालं.

हे वाचून मला रात्री दोन ते सकाळी आठ डेटाची मोजदाद नसणाऱ्या आपल्या जुन्या ब्रॉडबँड योजना आठवल्या. दोनचा गजर लावून टोरंट सुरू करणारे घराघरांत होते. आपला अपलोड तो केवढा! तरी लिनक्सची सीडी सकाळपर्यंत उतरायची. म्हणजे स्वतःची फाइल कधीच पूर्ण झालेली असताना कोणीतरी यंत्र चालू ठेवून बसलेलं असायचं. त्याला बदल्यात काय मिळत होतं, याचा रकाना कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही.

भांडणारे मात्र रकान्यांकडेच गेले. ईडाँकी लिहिणारा जेड मकॅलेब माउंट गॉक्स हा सौद्यांचा अड्डा काढून बिटकॉइनच्या बाजारात उतरला, मोजो नेशनमधला झूको विलकॉक्स झीकॅश या डिजिटल चलनाकडे वळला, आणि कोहेनने २०१७मध्ये चिया नावाच्या चलनाची कंपनी काढली. तिथेही आपण सोडून बाकी सगळे भंपक, यावर एकमत आहे म्हणे.