कडेच्या ओळीपासून ८५ टक्क्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या छापखान्यात पॅकिंगची छपाई होते. औषधांच्या डब्या, अगरबत्तीचे पुडे, साबणाची वेष्टने आणि सिगारेट-विडीची पाकिटे. यातले शेवटचे काम सरकारी नियमांनी जितके बदलले तितके बाकी कुठलेच बदलले नाही. आमची वाटचाल सांगायची तर ती या कामावरूनच सांगावी लागते.

१९७५ च्या कायद्यात पाकिटावरचा आरोग्याचा इशारा फक्त सिगारेटला होता, आणि तोही एका ओळीचा: सिगारेट ओढणे आरोग्याला अपायकारक आहे. डिझाइन पुरे झाले की जिथे जागा उरेल तिथे ती ओळ बसवली जायची. तिच्यासाठी वेगळा प्रूफ काढायची कुणाला गरज वाटत नसे.

२००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, १ मे २००४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ ने तंबाखूची जाहिरात बंद केली. पोस्टर, टांगती पत्रके, ब्रँडच्या नावाची कॅलेंडरे हे छापखान्यांचे बारमाही काम होते. ते गेले ते बरेच झाले. दुकानावर पाटीपुरती मुभा राहिली: जास्तीत जास्त ६० बाय ४५ सेंमी, दोनच पाट्या, त्यावर मालाचा प्रकार. ब्रँडचे नाव, पाकिटाचा फोटो, पाटीत दिवा यातले काहीच चालत नाही. तरी 'नाव नको तर नको, निदान पाकिटाचा रंग आणि पट्टा तरी ठेवा' अशी गळ अजून घातली जाते. लांबून पाहणारा माणूस रंगावरूनच ब्रँड ओळखतो, म्हणून अशी ऑर्डर आम्ही घेत नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे दंडनीय गुन्हा असल्याची पाटी मात्र आनंदाने छापतो. ती कमीत कमी ६० बाय ३० सेंमी लागते.

पाकिटावर इशाऱ्याचे चित्र आले ३१ मे २००९ पासून. पुढच्या बाजूचा ४० टक्के भाग, मागची बाजू मोकळी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळेल असा हा पहिला इशारा. विडी आणि खाण्याच्या तंबाखूलाही तो लागू असल्यामुळे त्याचे मोल आम्हाला फार वाटते. खरा बदल १ एप्रिल २०१६ ला झाला. पुढे आणि मागे दोन्हीकडे ८५ टक्के, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, आणि सुरुवात पाकिटाच्या वरच्या कडेपासून. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला, पण जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि ८५ टक्के कायम राहिले.

आता हिशेब. पाकिटाची पुढची बाजू ५५ बाय ८७ मिमी धरा. इशारा पूर्ण रुंदीभर असेल तर ८७ चे ८५ टक्के म्हणजे ७३.९५ मिमी उंची. त्यात चित्राला ५२.२ आणि मजकुराला २१.७५ मिमी. ब्रँडला उरतात जेमतेम १३ मिमी. कॉम्प्युटरवर ७४ मिमी ठेवून डिझायनर मोकळा होतो, आणि चूक इथेच होते. पंचिंगला डाय, म्हणजे पाकिटाचा आकार कापणारा साचा, अर्धा मिलिमीटर खाली बसला की वरून अर्धा मिलिमीटर कापला जातो. ७३.५ म्हणजे ८४.५ टक्के, आणि सगळा लॉट नियमाबाहेर. म्हणून आम्ही ७५ ठेवतो. डाय अर्धा मिलिमीटर हलला तरी साडेचौऱ्याहत्तर हातात राहतात. बाजूलाही इशाऱ्याचा रंग क्रीजच्या, म्हणजे घडीच्या दाबलेल्या रेषेच्या, पलीकडे अर्धा मिलिमीटर जाऊ देतो, नाहीतर घडी सरकली की कडेला ब्रँडच्या रंगाची रेघ डोकावते. झाकणाच्या पाकिटात उघडण्याची चीर चित्रातून जाते. झाकण लावल्यावर दोन्ही भाग जुळतात का, हे सपाट शीट पाहून कळत नाही. मशीन पुढे चालू देण्याआधी दहा पाकिटे हाताने घडी घालून, चिकटवून पाहावीच लागतात.

रंगाचे दुखणे वेगळे. नमुन्यात इशाऱ्याचा मजकूर लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत असतो, आणि '१८००-११-२३५६' हा तंबाखू सोडण्याच्या मदतीचा क्रमांक काळ्यावर पांढऱ्यात. हा क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून आला. लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा एकमेकांवर. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, थोडे जरी हलले तरी पांढऱ्या अक्षराच्या एका कडेला पिवळी झालर येते आणि अक्षर फुगल्यासारखे दिसते. काळा तर चार शाया एकमेकांवर देऊन करूच नये. निव्वळ काळ्या शाईचा सलग थर ठेवला की क्रमांकाचे आकडे स्वच्छ राहतात. एखाद्याने तंबाखू सोडायचे ठरवले आणि त्याला ३ चा ८ दिसला तर तो फोन लागणारच नाही. त्यामुळे या क्रमांकाची तपासणी आमच्याकडे भिंगाखाली होते, दर हजार शीटमागे एकदा.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. 'मृत्यू' सारख्या शब्दातला त्यू, रफार, अनुस्वार, या नाजूक जागा पांढऱ्या अक्षरांत शाईने बुजतात. जुन्या फॉन्टमधून मजकूर नव्या प्रणालीत आणला तर जोडाक्षरे फुटतात ती वेगळीच. उपाय सोपा आहे. मजकूर नव्याने टाइप करू नये. आरोग्य मंत्रालय छापण्याजोग्या फाइली १९ भाषांत देते, त्याच घ्याव्यात. आकार बदलताना चित्र एका दिशेने ताणू नये आणि प्रत्यक्ष छपाईच्या मापाला ३०० डीपीआयच्या (एका इंचातले ठिपके) खाली जाऊ देऊ नये.

चकचकीत मेटलाइज्ड बोर्डावर, म्हणजे धातूचा मुलामा असलेल्या पुठ्ठ्यावर, चित्राखाली पांढरी शाई द्यावीच लागते. ती वाचवली तर रुपेरी बोर्ड चित्रातून चमकतो, चित्रातल्या गाठीचा लाल रंग तपकिरी होतो आणि प्रकाशात पाकीट तिरके धरले की काहीच दिसत नाही. पांढऱ्या शाईचा एक थर कमी पडतो, दोन द्यावे लागतात. ग्राहक खर्चाचे कारण सांगून ही पांढरी शाई गाळायला सांगतात. काही जण ब्रँडवर यूव्ही चमक आणि इशाऱ्यावर चमक नसलेले मॅट वार्निश मागतात. इशारा झाकला जाऊ नये, फिका पडू नये, हा नियमाचा गाभा आहे, म्हणून आमच्याकडे सगळ्या पाकिटाला एकच वार्निश लागते. न पटणाऱ्याला आम्ही कलम २० दाखवतो: उत्पादकाला पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० पर्यंत दंड.

विडीच्या कट्ट्याचे काम दिसायला साधे, पण सर्वांत जास्त फसते ते तिथेच. कागद कट्ट्याभोवती गुंडाळून एकावर एक चिकटवला जातो, आणि चिकटणारी पट्टी बरोबर चित्रावर येते. शीटवर इशारा पुरेपूर असतो आणि कट्ट्यावर अर्धा गायब. इशारा कमीत कमी ३.५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच लागतो, आणि ते माप गुंडाळलेल्या कट्ट्यावर दिसले पाहिजे. म्हणून लेआउट करण्याआधी आम्ही कारखान्यातून भरलेला कट्टा मागवतो, चिकटपट्टीची जागा पेन्सिलीने आखतो आणि मग इशारा बसवतो. पाऊचमध्ये हीच गत सीलिंगच्या दातेरी पट्टीची होते.

सुटी विक्री हे या सगळ्या मेहनतीतले मोठे भगदाड. एक सिगारेट सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने, आणि ती नेटाने पाळली जावी असे आम्हाला मनापासून वाटते. ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१२ पासून सगळ्या ब्रँडना एकाच मळकट रंगाचे पाकीट सक्तीचे केले. आपल्याकडे तसा नियम आला तर फॉइल आणि एम्बॉसिंगचे आमचे काम जाईल. तरी तो यावा.

राहिली चित्र बदलण्याची तारीख. एका संचात दोन चित्रे होती, प्रत्येक बारा महिने. १ डिसेंबर २०२२ पासून वेदनादायक मृत्यूचे, १ डिसेंबर २०२३ पासून तंबाखू खाणारे-ओढणारे लवकर मरतात हे सांगणारे. माल कोणत्या तारखेला तयार होऊन पॅक झाला यावर चित्र ठरते, छपाई कधी झाली यावर नाही. त्यामुळे बदलाच्या दोन-तीन महिने आधीच ग्राहकाकडून रोजच्या पॅकिंगचा आकडा घ्यायचा, शिल्लक साठा वजा करायचा आणि मुदतीपर्यंत संपेल तेवढेच जुने चित्र छापायचे. जॉब कार्डावर चित्राचा क्रमांक आणि शेवटची तारीख लाल शाईत लिहायची. मुदत संपली की जुन्या प्लेटचे चारही कोपरे कापायचे, म्हणजे घाईत कुणी ती पुन्हा मशीनवर चढवू शकत नाही.