पवना लिंक : पाणी ओसरले तसा सिग्नलही

पवना धरणाच्या पाण्यावरून जाणाऱ्या 5 किलोमीटरच्या बिनतारी लिंकवर उणे 57 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) मिळाल्याचे डिसेंबरातल्या मागच्या नोंदीत मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते. फेब्रुवारीअखेर तोच आकडा उणे 78 वर आला आणि पलीकडच्या वाडीतला सर्व्हर दिसेनासा झाला.

डिश हललेली नव्हती. पहिला संशय पीओईच्या (डेटाबरोबर वीजही नेणाऱ्या) केबलवर गेला, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल गळ्यात मारणारे दुकानदार आपल्याला नवे नाहीत. पण अस्सल तांब्याची केबल टाकूनही फरक पडला नाही. चॅनेल 5745 वरून 5825 मेगाहर्ट्‌झवर नेले, तेही व्यर्थ. रेडिओच्या सेटिंगमधला देश-कोड बदलून पॉवर वाढवण्याचा सल्ला एकाने दिला, तो मी मानला नाही. 2018 च्या अधिसूचनेने 5725 ते 5875 मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला खरा, परंतु 36 डीबीएम ईआयआरपीच्या (अँटेनाची वाढ धरून हवेत जाणाऱ्या ताकदीच्या) मर्यादेत. म्हणजे 25 डीबीआय वाढ देणाऱ्या डिशला रेडिओतून 11 डीबीएमच द्यायचे.

शेवटी जुनी वही उघडली. हिशेबाने सिग्नल उणे 61 यायला हवा होता, म्हणजे डिसेंबरात मला 4 डीबी फुकट मिळत होते आणि शंका तेव्हाच यायला हवी होती. पाण्यावरून परावर्तित होणारी लहर तेव्हा थेट लहरीला साथ देत होती, आता ती तिलाच खोडते आहे. दोन टोकांच्या डिश पाण्यापासून 30 आणि 20 मीटर उंच धरल्या, तर पातळी जेमतेम सव्वा मीटर उतरताच सिग्नलच्या शिखराचा खड्डा होतो. थेट आणि परावर्तित मार्गांच्या लांबीतला फरक अवघा 24 सेंटिमीटर असल्याने चॅनेल बदलून काही साधले नाही, यात नवल नाही.

डिश मागे सरकवून गच्चीच्या कठड्याआड परावर्तन लपवावे असे वाटले होते, पण दोन किरणांतला कोन अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. कठडा थेट लहरीलाही सोडणार नाही. मग 30 मीटरच्या टोकाची डिश बांबूला बांधून 3 मीटर खाली उतरवली आणि स्क्रीनवर उणे 58 उमटले! तो आकडा मी दहा मिनिटे नुसता बघत बसलो.

पाणी आणखी उतरले की हे पुन्हा बिघडणार, म्हणून खांब कापून डिश कायमची खाली घेण्याचा बेत रद्द केला आहे. पलीकडे एकच एपी (मुख्य रेडिओ) ठेवून इकडे उंचीत 3 मीटर अंतराने दोन स्टेशन (त्याला जोडले जाणारे रेडिओ) लावतो, म्हणजे एक खड्ड्यात गेले तरी दुसरे चालेल. दोन वाटांमुळे होणारा लूप (डेटा गोल फिरत राहणे) आरएसटीपी ही नेटवर्कची सोय सांभाळेल. हे लिहिताना आणखी एक सुचले: 865–867 मेगाहर्ट्‌झवर एक लोरा नोड (कमी विजेवर दूरवर थोडी माहिती पाठवणारे यंत्र) पाण्याची पातळी मोजायला बसवला, तर पातळी आणि सिग्नल असे दोन्ही आलेख एकाच कागदावर काढता येतील. त्यामुळे दुसऱ्या डिशची खरेदी पंधरा दिवस लांबणीवर.