एमकेएल-१, विरजण आणि माझे वाया गेलेले चार महिने

रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कल्चर रूममध्ये होते. "आज पण लॅब?" म्हटलं अगं, या पेशींना रविवार-सोमवार कळत नाही, त्यांचं खाणंपिणं असलेलं मीडियम पिवळं पडायला लागलं की बदलावं लागतं. ग्लोव्ज काढून फ्लास्क तिला दाखवला (आमच्या लॅब मॅनेजरला कुणी सांगू नका). गुलाबी पाण्यात बारीक रवा सांडलाय असं दिसतं ते, हलवलं की रवा तरंगतो आणि थोड्या वेळाने परत तळाला बसतो. त्यातला एकेक कण म्हणजे शेकडो कॅन्सर पेशींचा गुच्छ. आई बघून म्हणाली, "म्हणजे थोडं काढायचं, नव्यात घालायचं, परत वाढलं की परत थोडं काढायचं. मग विरजणच की हे."

मला पीएचडीची दोन वर्षं झाली इथे जर्मनीत, आणि माझं काम एका वाक्यात इतकं नीट मी कुणाला सांगू शकले नव्हते.

तर हे विरजण म्हणजे एमकेएल-१. मर्केल सेल कार्सिनोमा (एमसीसी) नावाच्या स्किन कॅन्सरची सेल लाइन, म्हणजे एका पेशंटकडून काढलेल्या आणि लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी. मर्केल हे नाव ज्याने १८७५ मध्ये त्वचेतल्या स्पर्शाच्या पेशींचं वर्णन केलं त्याचं, कॅन्सरचं वर्णन मात्र १९७२ मध्ये टोकर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने केलं. रेअर आहे, अमेरिकेसारख्या देशात वर्षाला साधारण ३ हजार केसेस, पण आहे फार आडदांड, न दुखणारी लालसर-जांभळी गाठ येते, भराभर वाढते, लोकांना वाटतं गळू असेल. बहुतेक पेशंट वयस्कर असतात. पण एमकेएल-१ ज्याच्या लिम्फ नोडमधून (लसिकाग्रंथीतून) काढली तो मुलगा २६ वर्षांचा होता. लाइनचा पेपर आला १९८७ साली, माझ्या जन्माच्याही आधी. मी त्या मुलाहून मोठी झाले आता, आणि त्याच्या पेशी अजून माझ्या इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला वाढतायत. रात्री एकटी असले की हा विचार येतोच, नाही म्हटलं तरी.

आता म्युटेशनचं, म्हणजे डीएनएमधल्या बदलांचं. याच्यात खरी गंमत अशी की एकाच नावाखाली दोन रोग आहेत. २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या लॅबने या ट्यूमरमध्ये एक नवाच व्हायरस शोधला, मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस, १० ट्यूमर तपासले त्यातल्या ८ मध्ये सापडला. व्हायरस तसा साधा, बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी सापडतात आणि कुणाला काही होत नाही. पण क्वचित कधीतरी तो तुटून माणसाच्या डीएनएमध्ये घुसून बसतो, आणि वर त्याच्या स्वतःच्या लार्ज टी नावाच्या जीनमध्येच असं म्युटेशन होतं की ते प्रोटीन अर्धवट कापलं जातं. म्हणजे व्हायरसला आता स्वतःच्या कॉप्या काढता येत नाहीत, पण त्या कापलेल्या तुकड्यात आरबी नावाच्या प्रोटीनला पकडून ठेवणारा भाग मात्र शाबूत राहतो. आरबी म्हणजे पेशीचा पहारेकरी, उगाच विभाजन होऊ न देणारा.

दुसऱ्या प्रकारात व्हायरस नाहीच. तिथे उन्हाने काम केलेलं असतं. अल्ट्राव्हायोलेटमुळे डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, कॉपी करताना तिथे चूक होते आणि सी च्या जागी टी येतं, आणि हे इतक्या ठिकाणी झालेलं असतं की सिक्वेन्सिंगचा (डीएनए अक्षरशः वाचून काढल्याचा) डेटा बघून सरळ कळतं की हा माणूस आयुष्यभर उन्हात होता. २०१६ च्या एका अभ्यासात व्हायरस नसलेल्या ट्यूमरमध्ये दर एक्झोममागे (डीएनएचा प्रोटीन बनवणारा भाग) मीडियन, म्हणजे मधला आकडा, ११२१ म्युटेशन्स होती, आणि व्हायरसवाल्यांमध्ये किती? १२.५. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं टायपो आहे. एकीकडे जवळजवळ कोरा डीएनए आणि दुसरीकडे चाळण, आणि मायक्रोस्कोपखाली दोन्ही ट्यूमर जवळपास सारखेच! उन्हाच्या प्रकारात आरबी१ (आरबी बनवणारा जीन) आणि टीपी५३ (असाच दुसरा पहारेकरी) हे जीनच बऱ्याचदा मोडलेले असतात. म्हणजे एका घरात पहारेकऱ्याचे हातपाय बांधून कोपऱ्यात टाकलाय आणि दुसऱ्या घरात त्याचा खूनच झालाय, चोरी दोन्हीकडे झालीच.

म्हणून कुठल्या लाइनवर प्रयोग करताय ते फार महत्त्वाचं. एमकेएल-१ आणि जर्मनीतच काढलेली ‘वागा’ नावाची लाइन, या व्हायरसवाल्या. २०१० मध्ये वुर्झबर्गच्या लोकांनी अशा लाइन्समधले व्हायरसचे टी अँटिजेन (लार्ज टी आणि त्याच्या जोडीची प्रोटीन्स) बंद करून बघितले तर पेशींची वाढ थांबली, त्या मरायला लागल्या, आणि व्हायरस नसलेल्यांना काहीच फरक पडला नाही. व्हायरस फक्त तिथे बसलेला नाही, घर तोच चालवतोय, हे त्यातून कळलं.

आणि इथे माझी फजिती. मला तुलनेसाठी व्हायरस नसलेली लाइन हवी होती, फ्रीझरमध्ये एमसीसी१३ होती, नावातच एमसीसी आहे म्हटल्यावर मी डोळे मिटून घेतली. काय मस्त वाढायची ती! एमकेएल-१ सारखी नखरेल नाही, प्लास्टिकला छान चिकटून पसरायची, दोन दिवसांत फ्लास्क भरायचा. चार महिने मी तिच्यावर ड्रग टेस्ट केल्या, ग्राफ इतके सुंदर आले की मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकले, काकांनी अंगठा दिला. मग लॅब मीटिंगमध्ये एका सीनिअर पोस्टडॉकने शांतपणे विचारलं, ही मर्केल आहे हे तू तपासलंस का? मी म्हटलं नाव तर... आणि तिथेच गप्प झाले. त्याने दाखवलेला पेपर २०१५ चा होता. एमसीसी१३, एमसीसी२६ आणि यूआयएसओ या तीन लाइन्सचं जीन एक्सप्रेशन (कुठले जीन किती चालू आहेत ते) खऱ्या मर्केल ट्यूमरशी जुळतच नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे माझे ग्राफ खरे होते, फक्त कशाचे ते कुणालाच माहीत नाही. चूक माझीच, पेपर गुगलवर पहिल्या पानावर होता.

त्यानंतर मी जरा वेडीच झाले, प्रत्येक गोष्टीवर संशय. कारण लाइन योग्य असली तरी विरजणाचा प्रश्न उरतोच. आई म्हणते तसं, रोज त्याच विरजणातून लावत राहिलं की काही महिन्यांनी दही वेगळंच लागतं, कधी आंबट कधी तार सुटलेलं. पेशींचंही तेच, प्रत्येक विभाजनात एखादं म्युटेशन, आणि फ्लास्कमध्ये जी भराभर वाढते तीच पुढे जाते. २०१८ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या एमसीएफ७ या लाइनचे २७ वेगवेगळे स्ट्रेन गोळा करून त्यांच्यावर ३२१ औषधं टाकून बघितली होती, तर काही स्ट्रेनना जोरात रोखणाऱ्या औषधांपैकी किमान ७५ टक्के औषधं दुसऱ्या काही स्ट्रेनवर अजिबात चालली नाहीत. नाव सगळ्यांचं एमसीएफ७च!

आणि माझ्या एमकेएल-१ च्या सिक्वेन्समध्ये एखादं म्युटेशन दिसलं तर ते कधीचं हे कसं ठरवायचं? जन्मापासूनचं, ट्यूमरमध्ये झालेलं, की इथे प्लास्टिकमध्ये माझ्या हाताखाली झालेलं? ट्यूमरच्या अभ्यासात पेशंटच्याच रक्ताचा डीएनए शेजारी ठेवून वजाबाकी करतात. त्या २६ वर्षांच्या मुलाच्या रक्ताची ट्यूब काही माझ्याकडे नाही. मग सर्वसाधारण लोकांच्या डीएनएच्या डेटाबेसमध्ये जे नेहमी दिसतं ते काढून टाकायचं आणि उरलेल्याकडे बघत बसायचं.

हे सगळं आईला सांगितलं (फजिती गाळून). ती म्हणाली, "बिघडलं तर शेजारून आणायचं ना नवीन विरजण." हसू आलं कारण आमच्यात नेमकं तेच करतात, सेल बँकेतून कमी पॅसेजची (कमी वेळा पुढे लावलेली) व्हायल, म्हणजे छोटी कुपी, मागवायची, एसटीआर प्रोफाइल (डीएनएचा ठसा) करून ओळख पटवायची, मग ढीगभर व्हायल्स लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून ठेवायच्या. पुण्यात एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) आहे ना गणेशखिंडीला, तिथे अशीच पेशींची बँक आहे, एमएस्सीला असताना तिथून सेल्स आणायला मी रिक्षाने गेले होते, मांडीवर थर्माकोलचा डबा धरून.

तर गुरुवारी नवीन व्हायल आली. ३७ च्या वॉटर बाथमध्ये हलवत हलवत वितळवली, शेवटचा बर्फाचा कण दिसेनासा होईपर्यंत श्वास रोखून, मग सावकाश मीडियममध्ये. एमकेएल-१ ला जागं व्हायला वेळ लागतो हे माहितीये. आज चौथा दिवस, गुच्छ अगदी मोजके आहेत आणि मीडियम अजून गुलाबीच.